भग्न हृदय आणि उपदेशाचे औषध

दोन हजार वर्षांपूर्वी रोम नगरीत ओव्हिड नावाचा एक कवी होऊन गेला. इसवी सनापूर्वी ४३ साली सुल्मो या डोंगराळ मुलुखातील गावी त्याचा जन्म झाला. मुलाने वकिली करावी, सरकारदरबारी नाव काढावे, अशी बापाची इच्छा. पण मुलाने गद्य लिहावयास बसावे आणि त्याचे आपोआप पद्य व्हावे, असा प्रकार होता. पुढे हा कवी रोममधील तरुण मंडळींचा लाडका झाला. प्रेमपात्र कोठे शोधावे, त्याचे मन कसे वळवावे, वळलेले मन कसे राखावे, हे शिकविणारे 'आर्स अमातोरिया' नावाचे एक खट्याळ काव्य त्याने रचले आणि ते विलक्षण गाजले. त्यानंतर थोड्याच अवधीत, इसवी सनाच्या अगदी आरंभी, त्याने त्याचीच उलट बाजू लिहावयास घेतली. 'रेमेडिया अमोरिस', म्हणजे प्रेमावरील औषधे, हे त्या दुसऱ्या काव्याचे नाव. ज्याने आग लावण्याची विद्या शिकविली त्यानेच पुढे बंबाचे दुकान थाटले, असे कोणी म्हटले तर ते खोटे ठरणार नाही.

हे काव्य ८१४ ओळींचे आहे. आरंभी प्रत्यक्ष मदन ग्रंथाचे नाव वाचतो आणि आपल्याविरुद्ध युद्ध पुकारले गेले असे समजून रागावतो. कवी त्याची समजूत घालतो. ज्यांचे प्रेम सुखाने चालले आहे त्यांच्या वाटेस आपण जात नाही. पण प्रेमापायी कोणी तुळईला दोर बांधावा, कोणी छातीत शस्त्र खुपसावे, हे कशासाठी, एवढेच त्याचे म्हणणे असते. मदनाला ते पटते आणि तो परवानगी देतो. थट्टेच्या सुरात चाललेल्या या काव्यात ही एवढी एकच गोष्ट थट्टेची नाही. प्रेमभंगाने माणसे मरतात हे ओव्हिडला ठाऊक होते.

मग औषधांची यादी सुरू होते. पहिले औषध उद्योग. रिकामपण हे प्रेमाचे अन्न; ते तोडले की प्रेम उपाशी मरते. कोर्टकचेरीत जावे, सैन्यात जावे. ते न साधल्यास शेती करावी, झाडांना कलमे बांधावीत, मेंढरे राखावीत, शिकारीला निघावे, निदान गळ टाकून मासे तरी धरावेत. दुसरे औषध प्रवास. पाय निघत नसला तरी निघावे, किती मैल झाले ते मोजू नये, पावसाचे निमित्त करून मागे राहू नये आणि मागे वळून रोमकडे पाहू नये. एकटे राहू नये. जुनी पत्रे पुन्हा वाचू नयेत, ती जाळून टाकावीत. तसबिरी दूर कराव्यात. नाटकांना जाऊ नये, प्रेमकवींचे ग्रंथ उघडू नयेत, आणि त्यांत स्वतः ओव्हिडचेही आले, हे तो प्रामाणिकपणे सांगतो. आपले प्रेम कसे संपले हे भेटेल त्याला सांगत सुटणाऱ्यावर त्याचा विश्वास नाही. अशा माणसाचे प्रेम अद्याप जिवंत आहे असे तो समजतो. स्वयंपाकघरही त्याच्या नजरेतून सुटलेले नाही. कांदा कोणत्याही प्रांतातून आलेला असो, प्रेमरोग्याने तो वर्ज्य करावा, असे पथ्य तो सांगतो. आपल्याकडे चातुर्मासात कांदा वर्ज्य करणाऱ्यांना हे वाचून गंमत वाटेल.

या सर्वांत त्याचे एक औषध विशेष प्रसिद्ध आहे. प्रिय व्यक्तीचे दोष आठवावेत, नसतील तेथे निर्माण करावेत. ती भरल्या अंगाची असेल तर तिला स्थूल म्हणावे, सावळी असेल तर काळी म्हणावे. गळा नसेल तर तिला मुद्दाम गावयास लावावे. आपण स्वतः हा प्रयोग केला, तिचे पाय किती बेढब आहेत असे स्वतःशी म्हणत राहिलो, असे कवी सांगतो आणि लगेच कबुली देऊन टाकतो की खरे पाहता ते तसे नव्हते. या एका कबुलीत सगळ्या उपदेशशास्त्राचा कच्चा धागा दिसतो. औषध घेणाराला औषध खोटे आहे हे ठाऊक असते, आणि तरी ते लागू पडावे अशी अपेक्षा असते.

ओव्हिडची यादी जुनी झाली असे कोणी समजू नये. रेल्वे स्थानकावरील पुस्तकांच्या दुकानात, किंवा हल्ली हातातल्या फोनवर, भग्नहृदयी माणसासाठी जे मार्गदर्शन मिळते त्यात फोटो पुसून टाका, निरोप वाचू नका, त्या व्यक्तीच्या दोषांची यादी करा, प्रवासाला निघा, व्यायामशाळेत नाव घाला, नवा छंद धरा, हेच सांगितलेले असते. कांद्याचे पथ्य तेवढे गळाले आहे. तेव्हा प्रश्न असा की, दोन हजार वर्षे जो उपदेश अखंड चालू आहे त्याचा गुण येतो की नाही?

बरीच शतके हा प्रश्न कोणी नीट विचारलाच नाही. अनुभवाचे दाखले मात्र पुष्कळ गोळा झाले. रॉबर्ट बर्टन या इंग्रज पंडिताने १६२१ साली विषण्णतेवर एक अवाढव्य ग्रंथ लिहिला, त्यात प्रेमाच्या विषण्णतेसाठी स्वतंत्र भाग आहे. ग्रीक, रोमन, अरबी वैद्यांचे सर्व उपाय सांगून झाल्यावर तो अखेरचा आणि सर्वांत उत्तम उपाय सांगतो तो असा की, त्या दोघांची गाठ घालून द्यावी. हा उपाय ज्यांच्या हाती असतो त्यांना मुळात ग्रंथाची गरज पडत नाही.

दाखल्यांवर विसंबता येत नाही याचे कारण साधे आहे. पावसाळ्यातले पडसे आठवड्याने आपणहून उतरते. त्या आठवड्यात काढा घेतलेला असेल तर काढ्याला श्रेय मिळते, देवदर्शन केलेले असेल तर देवाला. प्रेमभंगाचेही पुष्कळसे असेच आहे. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील संशोधकांनी प्रेमात असलेल्या विद्यार्थ्यांना आधीच विचारून ठेवले होते की, हे नाते तुटले तर किती दुःख होईल. पुढे ज्यांचे नाते खरोखरीच तुटले त्यांचे प्रत्यक्ष दुःख आणि आधीचा अंदाज त्यांनी ताडून पाहिला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दुःख अंदाजापेक्षा कमी निघाले, आणि ज्यांचे प्रेम अधिक होते त्यांचा अंदाज अधिक चुकला. मनाला स्वतःची सावरण्याची शक्ती असते. पण कोसळलेल्या माणसाला ती दिसत नाही. त्या काळात हाती आलेले पुस्तक मग उपकारकर्ते ठरते. ते पुस्तक हाती आले नसते तर काय झाले असते, हे पाहावयास कोणी थांबत नाही.

म्हणून तुलना करावी लागते. अमेरिकेतील मिसूरी राज्यात सँड्रा लांगेस्लाग आणि मिशेल सँचेझ या दोघींनी २०१८ साली जो प्रयोग प्रसिद्ध केला तो पाहिला असता तर ओव्हिडला मौज वाटली असती. प्रेमभंगातून जाणाऱ्या २४ जणांना त्यांनी पूर्वीच्या प्रियकराचे किंवा प्रेयसीचे छायाचित्र दाखविले. एकदा त्यांना त्या व्यक्तीचे दोष आठवावयास सांगितले, एकदा प्रेम वाटते यात गैर काही नाही असे मनाशी म्हणावयास सांगितले, आणि एकदा अगदी वेगळ्या, आवडत्या गोष्टीत मन गुंतवावयास सांगितले. दोष आठवल्याने प्रेमभावना कमी झाली खरी, पण माणसे अधिक कष्टी झाली. मन दुसरीकडे गुंतविल्याने बरे वाटले, पण प्रेम तसूभरही घटले नाही. प्रेम वाटण्यात गैर नाही असे म्हटल्याने या दोहोंपैकी काहीच बदलले नाही. मात्र तिन्ही उपायांनी छायाचित्राचा मेंदूवरील अंमल काहीसा सैल झाला. म्हणजे ओव्हिडचे बेढब पायांचे औषध लागू पडते, पण ते कडू आहे. त्याचा उद्योगाचा उपाय गोड आहे, पण त्याने रोग जात नाही, फक्त दिवस जातो. आता दिवस जाणे हीदेखील त्या अवस्थेत लहान गोष्ट नव्हे. चोवीस माणसे म्हणजे जग नव्हे, हेही लक्षात ठेवावयास हवे.

ओव्हिडने न सांगितलेले असेही काही उपदेश आजच्या पुस्तकांत असतात आणि त्यांची हकीकत याहून चिंतेची आहे. सॅम्युएल स्माइल्सचा 'सेल्फ-हेल्प' हा ग्रंथ १८५९ साली निघाला. लीड्समधील कष्टकरी तरुणांपुढे दिलेल्या व्याख्यानांतून तो आकारास आला. त्यात उद्योग, काटकसर, चिकाटी यांचा पाठ होता, हृदयाचा कारभार नव्हता. हा कारभार पुढे फ्रान्समधील एमिल कुए या औषधविक्रेत्याने हाती घेतला. आपली प्रकृती दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारत आहे, असे माणसाने रोज स्वतःला बजावावे, म्हणजे ती सुधारते, अशी त्याची शिकवण होती आणि १९२०च्या सुमारास तिचा युरोप-अमेरिकेत मोठा बोलबाला झाला. आज आरशापुढे उभे राहून आपण प्रेमास पात्र आहोत असे घोकावे, असे जे सांगितले जाते ते या कुएचेच वंशज. कॅनडातील जोॲन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली हे घोकणे तपासले. घंटी वाजली की आपण प्रेमास पात्र आहोत हे वाक्य मनाशी म्हणावयाचे, एवढाच प्रयोग. ज्यांना स्वतःविषयी आधीच आदर होता त्यांना किंचित बरे वाटले. ज्यांना तो नव्हता, म्हणजे ज्यांच्यासाठी हे वाक्य मुळात लिहिले गेले, ती माणसे ते न घोकणाऱ्यांपेक्षाही अधिक खचली. वाक्य म्हणताक्षणी मन त्याचा प्रतिवाद करू लागते. पात्र असतो तर सोडून का गेली, असे विचारू लागते.

लिहून काढण्याची गोष्टही अशीच आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली दाखविले की, मनातील आघाताविषयी लागोपाठ चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटे मोकळेपणाने लिहिले तर पुढील काही महिन्यांत माणसाच्या दवाखान्याच्या खेपा कमी होतात. शोध महत्त्वाचा होता. त्यावरून मन मोकळे करण्यासाठी वही घालावी, हा उपदेश घरोघर गेला. पुढे ॲरिझोना विद्यापीठात डेव्हिड स्बारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जोडीदारापासून नुकत्याच विभक्त झालेल्या ९० स्त्री-पुरुषांवर हाच उपाय करून पाहिला. काहींना विभक्त होण्याविषयीच्या भावना लिहावयास दिल्या. काहींना भावना बाजूला ठेवून दिवसभरात काय केले एवढेच लिहावयास सांगितले. २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो उलटा होता. जी माणसे हे आपल्याच वाट्याला का आले, याचा अर्थ लावण्यात आधीच गढून गेली होती, त्यांना भावना लिहिण्याने अपाय झाला. कित्येक महिन्यांनंतरही ती अधिक दुःखी होती. त्याच स्वभावाच्या ज्या माणसांनी सकाळी उठलो, भांडी घासली, कामावर गेलो, असे कोरडे टिपण केले ती अधिक सावरली. जखम दिसावी म्हणून खपली काढणाऱ्याला आणखी एक नखुरडे देण्यात शहाणपण नसते.

एकच औषध एकाला तारते आणि दुसऱ्याला बुडविते, असे या प्रयोगांतून वारंवार दिसते. वैद्याला यात नवल वाटणार नाही. तो नाडी पाहिल्यावाचून पुडी देत नाही. पुस्तकाची अडचण नेमकी येथे आहे. पुस्तकाला वाचणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. ओव्हिडलाही हे कळत होते. मने निरनिराळी असतात तेव्हा उपायही निरनिराळे हवेत, असे तो म्हणतो. एका ठिकाणी तर तो फार समंजसपणे सांगतो की, मुलाच्या अंत्ययात्रेत आईला रडू नको म्हणणारा मूर्ख होय. तिचे अश्रू वाहून गेले की मगच शब्दांना वाव मिळतो. पण ते अश्रू वाहून गेले की नाहीत, हे पाहावयास ग्रंथकार जवळ नसतो.

जवळ असणारे माणूस काय करते याचे एक चित्र कालिदासाने रेखाटून ठेवले आहे. 'शाकुंतला'च्या तिसऱ्या अंकात मालिनीच्या तीरी, वेलींच्या मांडवात, शकुंतला अंगाचा दाह होऊन पडली आहे. ही अवस्था प्रेमभंगाची नव्हे, प्रेमारंभाची, हे खरे. पण दोघी सख्यांचे वागणे पाहण्यासारखे आहे. कमळाच्या पानांनी वारा घालणे आधी चालू आहे. मग अनसूया म्हणते की, आम्हांला प्रेमाच्या गोष्टींचा अनुभव नाही, कथांतून ऐकले तेवढेच. पण तुझी अवस्था तशी दिसते, तर कशाने हे होते ते सांग, कारण रोग खरोखर कळल्यावाचून उपाय आरंभता येत नाही. आश्रमातील या मुलीजवळ ग्रंथ नाही, अनुभव नाही. ती प्रश्न तेवढा विचारते आणि उत्तराची वाट पाहते.

प्रेमभंग म्हणावा तो सहाव्या अंकातला. अंगठी सापडली आहे, स्मृती परतली आहे, आणि आपणच शकुंतलेला घालवून दिले हे दुष्यंताला कळून चुकले आहे. तो वसंतोत्सव बंद करतो. तिची तसबीर काढतो आणि तीत इतका हरवतो की चित्रातल्या भुंग्याला दटावू लागतो. तसबिरी दूर करा म्हणणाऱ्या ओव्हिडने कपाळाला हात लावला असता. तेवढ्यात इंद्राचा सारथी मातली येतो. तो राजाला बोध करीत नाही. अदृश्य राहून तो बिचाऱ्या विदूषकालाच धरतो आणि त्याची मान पिळू लागतो. मित्राचा आक्रोश ऐकून राजा धनुष्य उचलतो, तेव्हा मातली प्रकट होतो. तुम्ही कोणत्यातरी मनस्तापाने खचलेले दिसलात म्हणून तुम्हांला मुद्दाम चेतविले, असे सांगतो आणि दानवांच्या युद्धासाठी त्याला रथात बसवून नेतो. उद्योगाचे हे औषध ओव्हिडचेच, पण येथे ते रोगी पाहून दिलेले आहे. आणि राजाचे प्रेम संपले असे कालिदास कोठेही म्हणत नाही. तो उठून उभा राहिला, एवढेच दाखवितो.

विचारपुशीत खरोखर काही गुण आहे काय, हेही प्रयोगाने पाहिले गेले आहे, आणि तेही अभावितपणे. ग्रेस लार्सन आणि वर उल्लेखिलेले डेव्हिड स्बारा यांनी नुकताच प्रेमभंग झालेल्या २१० तरुण-तरुणींचा अभ्यास केला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नऊ आठवड्यांत चार वेळा बोलाविले. त्यांच्याकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, हृदयाचे ठोके वगैरे मोजले, आणि नाते तुटणार ही चाहूल प्रथम केव्हा लागली, अशा प्रश्नांवर त्यांना चार-चार मिनिटे ध्वनिमुद्रकापुढे बोलावयास लाविले. दुसऱ्या गटाची केवळ आरंभी आणि शेवटी मोजदाद झाली. उपदेश कोणालाच केला नव्हता. नऊ आठवड्यांनंतर पाहावे तो पहिल्या गटातली माणसे कमी एकाकी होती, जुन्या आठवणी त्यांना कमी छळत होत्या, आणि आपण कोण आहोत हे त्यांना अधिक स्पष्ट सांगता येत होते. आम्ही, आम्ही असे म्हणण्याची सवय जडलेल्या जिभेला पुन्हा मी म्हणता येऊ लागले होते. एकांतात वहीपुढे तासन्‌तास उकरत बसणे आणि कोणीतरी ठराविक वेळी येऊन थोडेसे विचारणे, या दोहोंत फरक पडतो तो बहुधा येथे. दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नाला आरंभ असतो तसा शेवटही असतो.

आपल्या समाजात नेमका हा प्रश्न विचारला जात नाही. घरात मृत्यू झाला तर शेजारीपाजारी पिठले-भात घेऊन येतात, दहा दिवस माणसांची ये-जा असते, दुःखाला वार आणि तिथी असते. ज्याचे प्रेम मोडले त्याच्या घरी कोणी येत नाही. पुष्कळदा घरच्यांना त्या प्रेमाचा पत्ताच नसतो; असला तर ते मोडले म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला जातो. विसरून जा, अभ्यासाकडे लक्ष दे, चांगले स्थळ पाहू, एवढी तीन वाक्ये बोलली की कर्तव्य संपते. तीन वाक्यांचा हाही एक आत्मोन्नतीचा ग्रंथच. मुलगी असेल तर तिला रडण्यासाठी न्हाणीघराखेरीज जागा मिळत नाही, आणि मुलाला बहुधा तीही मिळत नाही. ज्याला कोणी विचारीत नाही तो मग रात्री दोन वाजता पुस्तकाकडे वळतो. पुस्तकांचा एवढा खप का, याचे अर्धे उत्तर येथे आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालात देशातील १ लाख ७० हजारांहून अधिक आत्महत्यांची नोंद आहे. त्यांपैकी शेकडा साडेचारांच्या आसपास नोंदींपुढे कारण म्हणून प्रेमप्रकरण असे लिहिले आहे. म्हणजे एका वर्षात साडेसात हजारांवर माणसे. ओव्हिडची तुळई आणि त्याचा दोर या आकड्यात अजून तसेच आहेत.

अशा माणसांसाठी लंडनमधील चॅड वारा नावाच्या एका पाद्र्याने १९५३ साली सेंट स्टीफन वॉलब्रुक या देवळात टेलिफोन ठेवला आणि जिवावर उदार झालेल्यांनी आपणाशी बोलावे असे जाहीर केले. लोक फोन करू लागले, प्रत्यक्ष येऊ लागले. ते इतके वाढले की त्यांना बाहेर थांबावे लागे. थांबलेल्यांना सोबत म्हणून काही सामान्य स्वयंसेवक बसत, चहा देत, ऐकत. थोड्याच दिवसांत वाराच्या ध्यानात आले की, स्वयंसेवकांपाशी बोलून झाल्यावर पुष्कळांना आत येऊन आपल्याला भेटण्याची गरजच उरत नाही. पाद्री शिकलेला, समुपदेशनात मुरलेला; चहा देणारी माणसे साधी. तरी काम बाहेरच्या बाकावर होत होते. १९५४च्या फेब्रुवारीत त्याने फोनही त्या स्वयंसेवकांच्या स्वाधीन केला. 'समॅरिटन्स' ही संस्था त्यातून वाढली, आणि उपदेश न करता ऐकावयाचे हा तिचा दंडक राहिला. भारत सरकारनेही २०२२ साली 'टेलि-मानस' ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर ती आहे आणि तेथे आपल्या भाषेत बोलता येते. ज्याच्या मनात जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार डोकावला असेल त्याने पुस्तक मिटून हा क्रमांक फिरवावा, हे अधिक बरे.

तथापि पुस्तकावर सरसकट अन्याय करणेही योग्य नाही. डेव्हिड बर्न्स या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाचे 'फीलिंग गुड' हे पुस्तक १९८० साली निघाले. ते खिन्नतेच्या रुग्णांना वाचावयास देऊन त्याची रीतसर परीक्षा झाली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका परीक्षणात चार आठवड्यांत पुस्तक वाचणाऱ्यांची खिन्नता न वाचणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे उतरली. हे पुस्तक वाचकाला नुसते सांगत नाही. ते त्याच्या हाती पेन्सिल देते, मनात कोणता विचार आला, त्याला पुरावा काय, असे विचारते आणि उत्तर लिहून घेते. पुस्तकाला जेवढे माणसासारखे होता येईल तेवढे ते होऊ पाहते. या परीक्षणात आणखी एक बारीक गोष्ट होती. वाचणाऱ्यांना दर आठवड्याला थोडा वेळ फोन करून वाचन कसे चालले आहे, एवढी विचारपूस केली जात असे. श्रेयाचा वाटा कोणाचा किती, हे कसे ठरवावे?

राहिला ओव्हिड. इसवी सन ८ मध्ये सम्राट ऑगस्टसने त्याला हद्दपार केले. एक काव्य आणि एक चूक, अशी दोन कारणे कवीने सांगितली आहेत. काव्य म्हणजे प्रेम शिकविणारे ते 'आर्स अमातोरिया'. चूक कोणती ते त्याने कधीच उघड केले नाही. पन्नाशीच्या वयात त्याला काळ्या समुद्राच्या काठी टोमिस येथे जावे लागले. आजच्या रुमानियातील कॉन्स्टान्त्सा हे बंदर त्याच जागी आहे. हिवाळ्यात नदी गोठे, मद्यसुद्धा गोठून घटाच्या आकाराचे होई. पत्नी रोममध्ये राहिली होती. प्रवासात मागे वळून रोमकडे पाहू नये, असे ज्याने लोकांना शिकविले तो या गावी बसून वर्षानुवर्षे रोमकडे पाहत राहिला. पत्नीला, मित्रांना, सम्राटाला त्याने पद्यांत पत्रे लिहिली, शहरातल्या रस्त्यांची, बागांची आठवण काढली, परत येऊ द्या म्हणून विनविले. स्वतःचे एकही औषध त्याला लागू पडले नाही. परवानगी आली नाही आणि इसवी सन १७च्या सुमारास तो तेथेच वारला.

या पत्रांतले एक कोट्टा नावाच्या मित्रास लिहिलेले आहे. तोवर ओव्हिड तेथील रानटी म्हणविल्या जाणाऱ्या लोकांची भाषा शिकला होता. एकदा तो त्यांच्या घोळक्यात बसून आपल्या रोममधील मित्रांविषयी, ज्यांनी पडत्या काळात आपल्याला सोडले नाही त्यांच्याविषयी, सांगत होता. लोक ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्यातला एक म्हातारा बोलू लागला. परक्या पाहुण्या, मैत्री म्हणजे काय हे तुमच्यापासून इतक्या दूर राहूनही आम्हांला ठाऊक आहे, असे तो म्हणाला, आणि फार पूर्वी त्या किनाऱ्यावर आलेल्या, एकमेकांसाठी मरावयास तयार झालेल्या ओरेस्टिस आणि पिलाडिस या दोन तरुणांची गोष्ट सांगू लागला. ती त्याने शेवटपर्यंत सांगितली, आणि ओव्हिडने ऐकली.